अल्पभार अकालज बालके आणि रुग्णालयातील दीर्घ मुक्काम

गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले बालक अकालज समजले जाते. त्यांपैकी १५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बालकांना अनेक आठवडे, कधी काही महिने नवजात अतिदक्षता विभागात राहावे लागते. ‘बाळ हालते, रडते, मग घरी का सोडत नाहीत?’ असे पालक आम्हां वैद्यांना विचारतात. त्याचे उत्तर आपणांस नेमके देता आले पाहिजे.

चरकाचार्यांनी शारीरस्थानात आठव्या महिन्यातील ओज अस्थिर मानून त्या वेळचा प्रसव संकटाचा सांगितला, तसेच नवजातासाठी स्वतंत्र कुमारागाराचे वर्णन केले. अपक्व देहास विशेष रक्षण हवे, हा विचार आपल्या शास्त्रास नवा नाही.

मुक्काम का लांबतो?

फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणारे द्रव्य अपुरे असल्याने श्वसनास आधार द्यावा लागतो. त्वचेखाली मेद नसल्याने देह लवकर थंड पडतो. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारणतः ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसतो; तोपर्यंत दूध नळीने द्यावे लागते. मेंदूतील श्वसनकेंद्र अपक्व असल्याने श्वास मध्येच थांबतो. जंतुसंसर्गाचे भय तर सतत असते. म्हणून केवळ वजन पाहून बालकास घरी पाठवीत नाहीत. साध्या पाळण्यात उष्णता टिकणे, तोंडाने पुरेसे दूध घेणे, वजन सतत वाढणे आणि काही दिवस श्वास न थांबणे, या सर्व अटी पूर्ण व्हाव्या लागतात.

मातेचे स्थान

१९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी बालकास मातेच्या उघड्या छातीशी ठेवण्याची ‘कांगारू’ पद्धती सुरू केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली ही पद्धती जन्मानंतर शक्य तितक्या लवकर सुरू करून रोज ८ ते २४ तास अवलंबावी, असे सुचविले. मातेचे दूध न मिळाल्यास दुग्धपेढीतील दूध उपयोगी पडते. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली अशी पेढी सुरू झाली.

आपले कर्तव्य

घरी आलेल्या अशा बालकासाठी गुटी, मध वा सुवर्णप्राशन मागितले जाते. येथे वैद्याने व औषधालयचालकाने स्पष्ट नकार द्यावा. पहिले सहा महिने मातेचे दूधच आहार होय. एक वर्षापर्यंत मध वर्ज्यच. धुरी टाळावी. रुग्णालयाने दिलेले लोह व ‘ड’ जीवनसत्त्व बंद करू नये.

घरी सोडल्याचे कागद पाहून नेत्रपटलाची तपासणी झाली का, हे अवश्य विचारावे. दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या वा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाची ही तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, त्याहून लहानांची दोन-तीन आठवड्यांतच व्हावी. ही वेळ टळली तर टाळता येण्याजोगे अंधत्व येऊ शकते. दूध न ओढणे, अंग थंड पडणे, धाप लागणे वा निळसरपणा दिसल्यास उपचारात वेळ न दवडता बालकास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. आपला एक प्रश्न आणि एक नकार, एवढ्यानेही अशा बालकाचे आयुष्य राखले जाऊ शकते.