ग्रामीण अग्निशामक दलाच्या गाड्या व पाण्याचा प्रश्न

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत खेड्यापाड्यांतील आग विझविण्याचे काम बहुतांशी स्वयंसेवक करतात. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३६ साली फिलाडेल्फिया येथे असे एक दल स्थापन केले. ती प्रथा आजही टिकून आहे. सूचना येताच शेतकरी, दुकानदार, शिक्षक हातचे काम टाकून बंबघराकडे धावतात. तेथील लहान दलाजवळ बहुधा तीन प्रकारच्या गाड्या असतात : बंब, पाण्याचा टँकर आणि गवताचा वणवा विझविण्याची हलकी गाडी. या शेवटच्या गाडीत पाणी थोडे, परंतु चारही चाकांना इंजिनाचा जोर असल्यामुळे ती शेतात शिरू शकते.

पाहणाराचे लक्ष प्रथम बंबाकडे जाते. खेड्यात मात्र आगीचा निकाल पुष्कळदा टँकरवर अवलंबून असतो. शहरात रस्त्याकडेच्या नळास नळी जोडली की पाणी मिळते. खेड्यात ती सोय क्वचितच असते. बंबाच्या टाकीत ३८०० लिटर पाणी आहे व नळीवाटे मिनिटाला ४७५ लिटर जाते असे धरले, तर ८ मिनिटांत टाकी रिकामी होते. तेवढ्यात जळते घर विझेलच असे नाही. म्हणून बंबाशेजारी जाड कापडाचा घडीचा हौद मांडतात. टँकर त्यात पाणी ओतून तळ्याकडे परततो व बंब हौदातून पाणी घेत राहतो. एका खेपेस भरण्याओतण्यासह १६ मिनिटे लागत असतील, तर ३८०० लिटरचे किती टँकर हवेत? उत्तर, दोन. वरच्या इयत्तांना हे उदाहरण अवश्य घालावे.

तळ्यातून पाणी घेण्यासही मर्यादा आहे. पंप पाणी ओढतो असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः पंप नळीतील हवा काढतो व बाहेरील हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीस हा दाब पाण्याचा सुमारे १०.३ मीटर उंचीचा स्तंभ तोलतो. व्यवहारात ६-७ मीटरांपलीकडे जमत नाही. आपल्याकडील शेतकरी खोल विहिरीत इंजिन खाली उतरवून बसवीत, ते याच कारणाने. मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून पाहावे.

टँकरच्या वजनाकडे मात्र दुर्लक्ष झाल्यास अनर्थ ओढवतो. ३८०० लिटर पाण्याचेच वजन ३.८ टन भरते. पैशाची ओढ असलेल्या काही दलांनी पेट्रोल वाहणाऱ्या जुन्या गाड्यांचे टँकर बनविले. पेट्रोल पाण्याहून सुमारे पाव हिश्श्याने हलके; तीच टाकी पाण्याने भरली की ब्रेकांस भार आवरत नाही. त्यातून टाकी अर्धवट भरलेली असेल, तर वळणावर पाणी एका अंगास धावते आणि गाडी कलंडते. हे थोपविण्यासाठी टाकीत भोके पाडलेले पत्र्याचे पडदे बसवितात. तरीही टँकर उलटून अनेक स्वयंसेवक आगीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच मृत्यू पावले आहेत. टाकी काठोकाठ भरलेली असावी अथवा पूर्ण रिकामी, असे तेथील चालकांस शिकविण्यात येते.