खंबायतचा अकीक उद्योग

खंबायतचा अकीक उद्योग हा गुजरातमधील आणंद जिल्ह्यातील खंबायत (खंभात) येथे चालणारा, अकीक दगडाला आकार व झिलई देण्याचा पारंपरिक व्यवसाय आहे. अकीकाचे मणी व खडे दागिन्यांसाठी तसेच ‘उपचारक स्फटिक’ म्हणून विकले जातात. त्यांच्या उपचारगुणांना वैज्ञानिक आधार नाही.

प्रक्रिया

कच्चा अकीक प्रामुख्याने भरूच जिल्ह्यातील रतनपूर परिसरातून येतो. तापविल्यावर लोहांशामुळे त्यास लाल रंग चढतो. नंतर तो फोडून, घासून व भोक पाडून मणी बनवितात.

कामगारांचे आरोग्य

अकीक हे सिलिकेचेच एक रूप आहे. घासताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसांत साचून सिलिकोसिस हा असाध्य रोग जडतो व क्षयाचा धोका वाढतो. काम बहुधा घरोघरी चालत असल्याने कुटुंबीय व शेजारीही धुळीच्या संपर्कात येतात. रोजगाराची लेखी नोंद नसल्यास भरपाई मिळविणे कठीण जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने या कामासाठी धूळ शोषून घेणारी यंत्रणा विकसित केली आहे.

नैतिक खरेदी

२००३ पासून लागू असलेली किंबर्ले प्रक्रिया केवळ कच्च्या हिऱ्यांपुरती मर्यादित आहे. अकीक तिच्या कक्षेत येत नाही. शिवाय या उद्योगातील मुख्य धोका खाणीपेक्षा घासकामात असल्याने, दगडाचे उगमस्थान कळले तरी तो कोणत्या परिस्थितीत घासला गेला हे स्पष्ट होत नाही.