अब्जांश कण आणि प्रथिनांचे तंतू

प्रथिनाचे कार्य त्याच्या रेणूच्या घडीवर अवलंबून असते. ही घडी बिघडल्यास रेणू परस्परांना चिकटून न विरघळणारे तंतू बनतात. अल्झायमर रोगात अमायलॉइड बीटा, तर पार्किन्सन रोगात अल्फा सिन्यूक्लिन या प्रथिनाचे साठे मेंदूत आढळतात.

तंतू बनण्यापूर्वी काही रेणू एकत्र येऊन केंद्रक तयार व्हावे लागते. सुमारे १ ते १०० नॅनोमीटर आकाराचे अब्जांश कण याच टप्प्यावर प्रभाव टाकतात. कणाच्या पृष्ठभागावर रेणूंची दाटी झाल्यास केंद्रक लवकर बनते. उलट, रेणू तेथेच अडकून पडल्यास द्रावणात त्यांची उणीव निर्माण होते व केंद्रक बनण्यास विलंब लागतो.

२००७ मध्ये सारा लिन्से व सहकाऱ्यांनी सहबहुवारिकाच्या कणांमुळे बीटा-२ मायक्रोग्लोब्यूलिनचे तंतू लवकर बनतात, असे प्रयोगशाळेत दाखवले. दीर्घकाळ डायलिसिस घेणाऱ्या रुग्णांच्या सांध्यांत हेच प्रथिन साचते. २००८ मध्ये मात्र त्याच प्रकारच्या कणांनी अमायलॉइड बीटाचे तंतू बनणे लांबवले.

म्हणजेच कण तारक की मारक, हे समोरच्या प्रथिनावरही ठरते. म्हणूनच नियमनाला महत्त्व आहे. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००७ मध्ये नवी दिल्लीतून 'नॅनो मिशन' सुरू केले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने अब्जांश औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. प्रत्येक औषधाचा स्वतंत्र विचार व्हावा, ही त्यातील भूमिका या प्रयोगांशी सुसंगत आहे.