अतिरप्पिळ्ळी धबधबा

अतिरप्पिळ्ळी धबधबा हा केरळ राज्याच्या त्रिशूर जिल्ह्यात चालकुडी नदीवर असलेला धबधबा आहे. तो चालकुडी या शहरापासून सुमारे ३० किलोमीटर अंतरावर, वाळपारैकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आहे. त्याची उंची सुमारे २५ मीटर आहे. सह्याद्रीतील कितीतरी धबधबे याहून उंच आहेत. परंतु त्यांपैकी बहुतेक पावसाळ्यानंतर काही महिन्यांतच आटतात. अतिरप्पिळ्ळी येथे एखादा ओढा नव्हे, तर संपूर्ण नदीच कड्यावरून खाली येते आणि ती बारमाही आहे. ‘भारताचा नायगारा’ हे पर्यटन-जाहिरातींतील बिरुद मात्र अतिशयोक्त होय.

पायवाट

प्रवेशद्वारापासून धबधब्याच्या माथ्यापर्यंत झाडीतून जाणारी बांधीव पायवाट आहे. चढ फारसा नसल्याने मुले व वयस्कर मंडळीही ती सहज चालू शकतात. वाटेवर माकडांचा वावर असतो. हातातील खाद्यपदार्थ ती हिसकावून घेतात. माथ्यावर नदीचे पात्र रुंद व खडकाळ असून कड्याजवळ येताच पाणी खडकांमुळे निरनिराळ्या प्रवाहांत विभागते. पायथ्याकडे उतरणारी वाट तुलनेने उभी आहे. परतीचा चढ दमवणारा असला, तरी धबधब्याचे खरे दर्शन खालूनच घडते. पावसाळ्यात तुषारांमुळे तेथे उभे राहणेही कठीण होते. वाट सोपी असली तरी शेवाळलेले खडक धोकादायक असतात, त्यामुळे कठड्याबाहेर जाणे टाळावे.

पाण्याची चढउतार

धबधब्याचे पाणी केवळ पावसावर अवलंबून नाही. नदीच्या वरच्या भागात पेरिंगलकुत्तु (१९५७) व शोलायार येथे जलविद्युत प्रकल्प आहेत. शिवाय खोऱ्यातील काही पाणी परंबिकुळम–अळियार योजनेद्वारे तामिळनाडूकडे वळवले जाते. विजेची मागणी वाढली की वीजगृहातून अधिक पाणी सोडले जाते, त्यामुळे उन्हाळ्यात एकाच दिवसात प्रवाह कमीअधिक झालेला दिसतो. सकाळी कोरडा दिसलेला खडक दुपारी पाण्याखाली जाऊ शकतो. पात्रात उतरू नये, या सूचनेमागे हेही एक कारण आहे.

अरण्य आणि काडर

धबधबा व त्याच्या वरच्या अंगाचे वाळच्चाल येथील नदीकाठचे अरण्य धनेश पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि राखी धनेश या चारही जाती येथे आढळतात. विणीच्या काळात मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते आणि नर तिला फटीतून फळे भरवतो. त्यासाठी जुनी, जाड बुंध्याची झाडे लागतात. तोडलेल्या झाडांच्या जागी रोपे लावून ही गरज भागत नाही. येथील काडर या आदिवासी समाजातील लोक वन विभागाच्या साहाय्याने या ढोल्यांची राखण करतात.

जलविद्युत प्रकल्पाचा वाद

धबधब्याच्या वरच्या बाजूस धरण बांधून १६३ मेगावॅट क्षमतेचा प्रकल्प उभारण्याचा प्रस्ताव अनेक वर्षे वादग्रस्त ठरला आहे. या योजनेत धरणाचे पाणी बोगद्यातून नेऊन धबधब्याच्या खाली पुन्हा नदीत सोडायचे होते. धबधब्यासाठी किमान प्रवाह राखला जाईल, असे वीज मंडळाचे म्हणणे होते. विरोधकांचा आक्षेप केवळ पर्यटनापुरता नव्हता: नदीकाठचे अरण्य, काडरांच्या वस्त्या आणि खालच्या भागातील शेतीचे व पिण्याचे पाणी हे सारे त्यात गुंतलेले होते. केंद्राने दिलेली पर्यावरणीय मंजुरी केरळ उच्च न्यायालयाने २००६ साली रद्द केली. पुढे मंजुरी पुन्हा मिळाली व वादही पुन्हा सुरू झाला. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात या प्रकल्पास परवानगी देऊ नये, अशी शिफारस केली. २०२० साली राज्य शासनाने प्रस्तावास पुन्हा चालना देण्याचा प्रयत्न केला, तेव्हाही तीव्र विरोध झाला.

भेटीचा काळ

पाण्याचा पूर्ण जोर जून ते सप्टेंबर या काळात असतो. पावसाळा ओसरल्यानंतर वाट कोरडी व पाणी पुरेसे असते. चालण्यासाठी हाच काळ सोयीचा. याच रस्त्याने सुमारे ५ किलोमीटर पुढे वाळच्चाल धबधबा आहे. तेथे उंच कडा नाही, तर नदी खडकांवरून उतरत जाते. वाटेत चार्पा हा रस्त्यालगतचा छोटा धबधबा लागतो. तो पावसाळ्यातच वाहतो.