एका अक्षराचे मोल



बचतीचा हिशेब झाला की बैठकीत थोडे वाचन करू या, असे आपले ठरले आहे. त्यासाठी आज यहुदी, म्हणजे ज्यू लोकांच्या काही गोष्टींची ओळख करून घेऊ. हे लोक आपल्याला परके नाहीत. कोकणात ते पिढ्यान्‌पिढ्या तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी तो बंद ठेवत. म्हणून त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांची घरची भाषा मराठीच.

यहुदी धर्मात ‘कब्बाला’ नावाची गूढविद्या आहे. हिब्रू भाषेची अक्षरे २२. देवाने या अक्षरांतून जग घडवले, असे त्या परंपरेतले एक जुने पुस्तक सांगते. म्हणून तिथे अक्षराला फार मान.

याच विचारातून गोलेमची दंतकथा आली. प्राग शहरात यहुद्यांवर खोटे आळ येत. तेव्हा त्यांच्या धर्मगुरूंनी, राब्बी लोएव यांनी, चिखलाचा माणूस घडवला. कपाळावर ‘एमेत’ म्हणजे ‘सत्य’ लिहिताच तो चालू लागला. पुढे तो आवरेना. तेव्हा पहिले अक्षर पुसले. उरले ‘मेत’, म्हणजे ‘मेलेला’. गोलेम पुन्हा माती झाला.

ही कथा मुलांसाठी लिहिली आयझॅक बाशेविस सिंगर यांनी. त्यांना १९७८ साली नोबेल मिळाले. त्यांचीच दुसरी कथा येंटलची. मुलींना धर्मग्रंथ शिकायची मुभा नव्हती. वडिलांनी तिला चोरून शिकवले. ते गेल्यावर शिक्षणासाठी ती मुलाच्या वेशात घराबाहेर पडली. शाळा सुटलेल्या आपल्या मुलींना तिची तळमळ लगेच कळेल.

जेन योलेन यांची ‘द डेव्हिल्स अरिथमेटिक’ ही कादंबरी १९८८ सालची. घरातल्या म्हाताऱ्यांच्या जुन्या आठवणींना कंटाळलेली हॅना सणाच्या रात्री एलिया प्रेषितासाठी दार उघडते आणि थेट १९४२ सालच्या पोलंडमध्ये पोचते. तिथून तिला नाझींच्या छळछावणीत नेतात. आपल्या आजीने काय सोसले असेल, हा प्रश्न यातून मुलींना पडतो. याच एलियाच्या नावाने कोकणातले यहुदी गोड पोहे, खोबरे आणि फळांचा मलिदा करतात.

ही पुस्तके इंग्रजीत आहेत. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने एकेक वाचावे आणि बैठकीत मराठीतून सांगावे. आपण ऐकावे, प्रश्न विचारावेत. अंगठ्याच्या जागी सही करायला शिकलेल्या आपल्या बायकांना एका अक्षराचे मोल वेगळे सांगायला नको.