अ‍ॅल्युमिनियमला विरल मृत्तिकांची जोड

आमच्या वसतिगृहातील अनेक मुलांचे पालक भोसरी-चाकणच्या कारखान्यांत अ‍ॅल्युमिनियमचे सुटे भाग ओततात. "इतका हलका धातू इंजिनाचा भार कसा पेलतो?" या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने आम्हां इतिहासवाल्यांस धातुशास्त्राची पुस्तके उघडावयास लावली.

तेथे प्रथम भेटले ते एक फसवे नाव : विरल मृत्तिका. जुने रसायनज्ञ काही धातूंच्या ऑक्साइडांना 'मृत्तिका' म्हणत, त्यावरून ते रूढ झाले. वस्तुतः १८०३ साली सापडलेले सेरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आहे; अवघड आहे ते त्याला त्याच्या भावंडांपासून वेगळे करणे.

शुद्ध अ‍ॅल्युमिनियम मऊ असते, कारण त्याच्या अणूंचे थर एकमेकांवरून सहज घसरतात. त्यात अर्ध्या टक्क्याहूनही कमी स्कँडियम मिसळून योग्य उष्णता दिली, की काही नॅनोमीटर आकाराचे असंख्य कण तयार होतात आणि पाचरीप्रमाणे ही घसरण अडवतात. जोडीला झिर्कोनियम असल्यास हे कण उष्णतेतही लवकर फुगत नाहीत. मात्र स्कँडियम अतिशय महाग. दुचाकीच्या सुट्या भागांस ते परवडणारे नव्हे.

ओतकामाच्या मिश्रधातूत सिलिकॉन असते. ते पात्यांसारखे वाढले, तर भाग ठिसूळ होतो. सेरियम व लँथेनम ही पाती बारीक करतात, जरी हे काम स्वस्त स्ट्रॉन्शियम अधिक चांगले करते. प्रमाण चुकल्यास जाडेभरडे, ठिसूळ संयुग जमते आणि तडा तेथूनच जातो.

क्षरणाची गोष्ट निराळी. अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचे पातळ कवच असते. पण मिश्रधातूतील लोह वा तांबेयुक्त कणांभोवती खारट ओलावा ते भेदून खड्डे पाडतो. सेरियमचे क्षार नेमक्या या कणांवर साका धरतात व तेथील विद्युत्-रासायनिक क्रिया मंदावते. आम्हांस हा उपयोग बळापेक्षाही मोलाचा वाटतो. कारण या कामासाठी वर्षानुवर्षे वापरलेले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि त्याची वाफ टाकीपाशी उभ्या असलेल्या कामगाराच्याच छातीत जाते. सेरियमचे संरक्षण अद्याप सर्वत्र क्रोमेटच्या तोडीचे नाही. त्यावर संशोधन चालू आहे.