विमानालाही लागतं सनस्क्रीन!

उन्हात बाहेर पडताना सनस्क्रीन लावता ना? मग कापडाच्या विमानालाही ते लागतं, हे ऐकून हसू नका. हो, कापडाचंच विमान! १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमानही कापडानंच मढवलेलं होतं. अमेरिकेतलं पिवळंधम्मक पायपर कब त्याच जातकुळीतलं. १९४७पर्यंत अशी जवळपास २० हजार विमानं बनली आणि त्यातली कितीतरी आजही उडतात.

आत सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड. पूर्वी ते सुती असायचं. त्यावर 'डोप' नावाचं द्रावण लावत. ते वाळताना आक्रसतं आणि कापड ढोलकीसारखं ताठ होतं. आता पॉलिएस्टर वापरतात, ते चक्क इस्त्रीनं ताणतात! त्यावर अॅल्युमिनियमची पूड मिसळलेला रुपेरी थर आणि सगळ्यात वर रंग. हा रुपेरी थर म्हणजेच सनस्क्रीन. तो नसेल तर अतिनील किरणं कापड कुजवतात.

आता समजा, रंग विटलाय, भेगा पडल्यात. उघडायचा डबा आणि मारायचा स्प्रे? थांबा! आधी खालचं कापड जिवंत आहे का, ते बघायचं. ठरावीक प्रतीच्या नव्या सुती कापडाच्या एक इंच रुंद पट्टीनं सुमारे ३६ किलो ताण सोसायला हवा. तो २५च्या खाली गेला की कापड बाद. डोप पुन्हा मऊ करणारं रसायन मिळतं, पण त्यानं कापडाची गेलेली ताकद परत येत नाही. दुसरी तपासणी एकदम सोपी. अंधारात विमानाच्या आत दिवा धरायचा. बाहेर उजेड झिरपला, तर तिथला रुपेरी थर विरलाय.

कापड पास झालं, की मग धुणं आणि पॉलिशपेपरनं हलक्या हातानं घासणं. फासळ्यांवर मात्र जपून. तिथे शिवणीचा दोरा वर आलेला असतो, दोन हात जास्त पडले की कापडच कापलं जातं. नवा रंगही जुन्याशी जुळणाराच हवा. कडक रंग लवचिक कापडावर तडकतो. हवा दमट असेल तर डोपवर पांढुरकी झाक येते, म्हणजे आपला जुलै या कामासाठी बादच. शेपटीच्या हलत्या भागांवर रंगाचे थर चढत गेले, तर त्यांचा तोल बिघडतो आणि वेगात ते थरथरू लागतात. हे जिवावर बेतू शकतं.

म्हणून असं विमान उडण्याआधी परवानाधारक एएमई, म्हणजे देखभाल अभियंता, सही करतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स असेल तर ही वाट तुमच्यासाठीही खुली आहे. फक्त लक्षात ठेवा, ती सही चकाकी बघून करायची नसते. आतला दिवा बघून करायची असते.